संकटकाळात बायबल वाचताना धीर नेमका कोठून येतो?

चांदणवेल

गेले सात महिने माझे वडील अंथरुणावर आहेत. दुखणे लवकर उतरेल असे कोणी म्हणत नाही आणि ते किती काळ चालेल हेही कोणी सांगत नाही. रात्री त्यांना झोप लागेपर्यंत मी उशाशी बसून बायबल वाचते, कधी मोठ्याने तर कधी मनातल्या मनात. ही सवय मला लहानपणापासूनची आहे. पूर्वी नोकरी गेली तेव्हा, त्याआधी आई वारली तेव्हा, याच ग्रंथातल्या काही वचनांनी मला अक्षरशः उभे केले होते. या वेळी मात्र तीच वचने वाचताना काहीच हलत नाही.

भेटायला येणारी माणसे प्रेमाने तीन वचने सांगून जातात. तुमच्या हिताचे संकल्प माझ्यापाशी आहेत असे सांगणारे यिर्मया २९:११, मला सामर्थ्य देणाऱ्याकडून मी सर्व काही करू शकतो असे सांगणारे फिलिप्पै ४:१३, आणि देवावर प्रीती करणाऱ्यांच्या बाबतीत सर्व गोष्टी मिळून कल्याणकारक ठरतात असे सांगणारे रोम ८:२८. ही मला पाठ आहेत. ती ऐकली की आता धीर येत नाही, उलट आपल्यातच काही उणे आहे असे वाटू लागते.

देव आहे याविषयी मला शंका नाही. वाचन निष्प्राण झाले आहे, एवढीच माझी अडचण आहे. अशा काळात वाचावे काय आणि वाचावे कसे, हे ज्यांनी असे दिवस काढले आहेत त्यांनी सांगावे.

जुना_वाचक

चांदणवेलताई, आपण सांगितलेल्या तिन्ही वचनांत खोट नाही, पण आपल्यापर्यंत ती मुळासकट उपटून आणलेल्या रोपासारखी पोहोचली आहेत. ज्या मातीत ती उगवली ती माती सोबत आलेली नाही.

यिर्मयाचे ते वचन एका पत्रातले आहे. यरुशलेमेहून बाबेलला बंदिवान म्हणून नेलेल्या लोकांना संदेष्ट्याने ते पत्र पाठवले. ‘हिताचे संकल्प’ येतात ११व्या वचनात, आणि त्याच्या लगेच आधी, १०व्या वचनात, ७० वर्षे हा आकडा आहे. म्हणजे ज्यांना ते पत्र वाचून दाखवले गेले त्या वडीलधाऱ्यांपैकी बहुतेकांना परतीचा दिवस दिसणार नव्हता, आणि हे त्यांना पत्रातच स्पष्ट सांगितले होते. त्याआधीचा २८वा अध्याय जरूर वाचा. तेथे हनन्या नावाचा संदेष्टा भर मंदिरात जाहीर करतो की दोन वर्षांत सर्व काही परत येईल. ऐकणाऱ्यांना तोच अधिक विश्वासू वाटला असेल, असे मला नेहमी वाटते. यिर्मया मात्र दोन वर्षांची गोड मुदत नाकारतो आणि घरे बांधा, बागा लावा, मुलाबाळांची लग्ने करा, ज्या नगरात तुम्हाला नेले आहे त्याच्या शांतीसाठी प्रार्थना करा, असे लिहितो. संकट लवकर संपेल असे हे वचन म्हणतच नाही. संकट लांबणार आहे आणि तरीही तुमचे आयुष्य थांबलेले नाही, असे ते म्हणते. सात महिने उशाशी बसलेल्या माणसाला यातला दुसरा अर्थच उपयोगी पडेल.

फिलिप्पैकरांस लिहिलेले पत्र येशूचा प्रेषित पौल याने बंदिवासातून लिहिले. ४:१३ च्या आधीच्या दोन वचनांत तो म्हणतो की भरल्या पोटी राहणे आणि उपाशी राहणे, संपन्नता आणि टंचाई, या दोन्हींत कसे राहावे हे तो शिकला आहे. ‘शिकलो’ या क्रियापदाकडे लक्ष द्यावे. तेव्हा ‘सर्व काही करू शकतो’ याचा अर्थ ‘सर्व काही सोसू शकतो’ याच्याकडे अधिक झुकतो. शर्यत जिंकण्याआधी म्हणायचे ते वचन नव्हे.

आणि रोमकरांस पत्राच्या ८व्या अध्यायात २८व्या वचनाआधी तीन वेळा कण्हणे येते. २२व्या वचनात सारी सृष्टी कण्हते, २३व्यात आपण स्वतः कण्हतो, आणि २६व्यात, प्रार्थना कशी करावी हे आपल्याला कळत नाही तेव्हा, पवित्र आत्मा स्वतः शब्दांत न मावणाऱ्या कण्हण्याने आपल्यासाठी विनंती करतो. या तिन्ही कण्हण्यांवरून उडी मारून जो थेट २८व्या वचनावर येतो, तो दुःखी माणसाच्या हातात उत्तर देतो, पण त्याचा प्रश्न ऐकतच नाही.

पानगळ

मी थोडक्यात लिहिते. माझे मूल गेल्यानंतर वर्षभर मी स्तोत्र ८८ सोडून दुसरे काही वाचू शकले नाही. बहुतेक विलापस्तोत्रे शेवटी कोठेतरी वळतात आणि स्तुतीपाशी येऊन थांबतात, पण हे एक वळत नाही. मूळ इब्री भाषेत त्याचा शेवटचा शब्दच ‘अंधार’ असा आहे. ज्यांनी स्तोत्रसंहितेचा हा संग्रह लावला त्यांनी हे स्तोत्र काढून टाकले नाही, त्याला आशेचे एखादे कडवे जोडले नाही, ते तसेच १५० स्तोत्रांत राहू दिले. कोणीतरी माझ्यासाठी जागा राखून ठेवली आहे असे तेव्हा वाटले. त्याला धीर म्हणावे की नाही, मला ठाऊक नाही, पण मी दुसऱ्या दिवशी उठत होते.

शंकेखोर

येथे लिहावे की नाही याचा बराच विचार केला. मी श्रद्धाळू नाही, परंतु आदराने विचारतो. आपण सगळे जे सांगत आहात ते कोणत्याही चांगल्या शोककाव्याविषयी सांगता येईल. आपले दुःख दुसऱ्याच्या शब्दांत सापडले की मन हलके होते, हा मनाचा धर्म आहे. मग बायबलच का? आणि त्यातून मिळणाऱ्या दिलाशाला विश्वास का म्हणावे?

जुना_वाचक

प्रश्न रास्त आहे आणि अर्ध्यापर्यंत मी आपल्याशी सहमत आहे. शब्द सापडल्याने येणारे हलकेपण कोठेही येऊ शकते. फरक मला दिसतो तो तक्रार कोणाच्या नावे आहे यात. स्तोत्र १३ अवघ्या सहा वचनांचे आहे आणि त्यात ‘कोठवर’ हा प्रश्न चार वेळा येतो. तो प्रश्न आकाशाला किंवा नशिबाला विचारलेला नाही. ‘हे परमेश्वरा, कोठवर?’ अशी त्याला हाक आहे. ज्याच्यावर माणसाने पूर्ण पाणी सोडले आहे त्याच्याशी तो भांडत नाही. म्हणून माझ्या मते विलाप हा विश्वासाचाच एक प्रकार आहे, आणि कदाचित सर्वांत प्रामाणिक प्रकार. मार्काच्या ९व्या अध्यायात आजारी मुलाचा बाप येशूला म्हणतो, ‘माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका.’ एकाच श्वासात दोन्ही गोष्टी. येशू त्याला आधी विश्वास पुरता करून ये असे सांगत नाही, मुलाला बरे करतो.

बाकी आपल्या प्रश्नाचे उत्तर युक्तिवादाने पूर्ण देता येईल असे मला वाटत नाही.

समास

शंकेखोर यांच्या प्रश्नावरून दोन माणसे आठवली. दोघांनीही स्तोत्रे तुरुंगात वाचली, पण दोघांची वाट वेगळी होती.

पहिले जर्मन धर्मशास्त्री डीट्रिख बोनहॉफर. नाझी राजवटीला विरोध केल्यामुळे त्यांना एप्रिल १९४३ मध्ये अटक झाली आणि ९ एप्रिल १९४५ रोजी फाशी देण्यात आली. तुरुंगातून आईवडिलांना लिहिताना त्यांनी कळवले होते की अनेक वर्षांच्या नेमाप्रमाणे आपण स्तोत्रे रोज वाचत आहोत. मला अधिक बोलकी वाटते ती त्यांच्या बायबलमधील एक नोंद. स्तोत्र ७४ मध्ये शत्रूंनी देशातली देवाची सर्व सभास्थाने जाळून टाकल्याचा आक्रोश आहे. त्या ८व्या वचनाशेजारी त्यांनी फक्त एक तारीख लिहून ठेवली: ९.११.३८. त्या रात्री जर्मनीत यहुदी सभास्थाने जाळली गेली होती. त्या वचनाने त्यांना थोपटून निजवले नाही. शेजारी काय चालले आहे ते पाहायला लावले. वाचनातून येणाऱ्या धैर्याचा हा प्रकार आपण दिलाशाच्या चर्चेत फार विसरतो.

दुसरे सोव्हिएत संघातले यहुदी कार्यकर्ते नतान शरान्स्की. सोव्हिएत सत्तेने त्यांना १९७७ मध्ये पकडले आणि १९८६ मध्ये सोडले. त्यांच्यापाशी पत्नीने दिलेले स्तोत्रांचे एक चिमुकले इब्री पुस्तक होते. त्यांना इब्री तेव्हा जेमतेम येत होती, त्यामुळे ते एकेक ओळ अडखळत सोडवत. ते पुस्तक अधिकारी काढून घेत आणि ते परत मिळवण्यासाठी हे झगडत. सुटकेच्या दिवशीही विमानतळावर पुस्तक हाती पडेपर्यंत ते बर्फात अंग टाकून पडून राहिले आणि पुढे जाण्यास त्यांनी नकार दिला. ज्याला आपण ‘फक्त शब्दांचा दिलासा’ म्हणतो त्यासाठी सुटका लांबवण्याची तयारी माणूस दाखवतो, याचा विचार श्रद्धा नसलेल्यानेही करावा असे मला वाटते.

शंकेखोर

ती तारखेची नोंद मला ठाऊक नव्हती. विचार करतो.

रात्रपाळी

मी परिचारिका आहे आणि अनेक वर्षे रात्रीच्या पाळीत आजाऱ्यांजवळ बसले आहे, म्हणून ताईंच्या ‘कसे वाचावे’ या प्रश्नावर थोडे लिहिते. अर्थाविषयी इतरांनी चांगले लिहिले आहे.

पहिली गोष्ट, दमलेल्या माणसाने स्वतःची परीक्षा घेऊ नये. १ राजे १९ मध्ये एलीया संदेष्टा एका झुडपाखाली बसून मरण मागतो. आदल्याच अध्यायात कर्मेल डोंगरावर त्याने बआल या परक्या देवाच्या ४५० संदेष्ट्यांना एकट्याने आव्हान दिले होते, हे लक्षात घ्या. खचतो तो भित्रा माणूस नव्हे. देवदूत येऊन त्याला उपदेश करीत नाही, वचन सांगत नाही. ‘ऊठ, खा’ एवढेच म्हणतो. एलीया खातो आणि पुन्हा झोपतो. देवदूत पुन्हा येतो, पुन्हा खाऊ घालतो आणि म्हणतो की वाट तुला झेपण्यासारखी नाही. त्यानंतर चाळीस दिवसांची चाल, मग होरेब डोंगर, वारा, भूकंप, अग्नी, आणि त्या सर्वांनंतर ती शांत, मंद वाणी. झोप आधी, वाणी मागून. ताई, आपण सात महिने नीट झोपला नसाल. वचन ‘लागत नाही’ याचे कारण दर वेळी आत्म्यातच शोधायचे नसते.

दुसरी गोष्ट, ओठ हलवून वाचा. यहोशवा १:८ मध्ये रात्रंदिवस मनन कर असे सांगितले आहे. आपल्याला मनन म्हटले की डोळे मिटून स्वस्थ बसणे आठवते, पण तेथील मूळ इब्री क्रियापद पुटपुटण्याचे आहे. तेच क्रियापद यशयाने ३१व्या अध्यायात शिकारीवर गुरगुरणाऱ्या सिंहासाठी आणि ३८व्या अध्यायात पारव्याच्या घुमण्यासाठी वापरले आहे. तेव्हा मन लागत नसेल तरी आवाज लागू द्यावा. आजाऱ्याला तर अर्थापेक्षा आधी ओळखीचा आवाज पोहोचतो, हे मी किती तरी वेळा पाहिले आहे. रोज नवा शास्त्रभाग शोधू नका. आठ-पंधरा दिवस एकच स्तोत्र राहू द्या.

तेवीसावे स्तोत्र घ्यायचे असेल तर एक गंमत पाहा. सुरुवातीच्या तीन वचनांत देवाविषयी बोलणे चालले आहे: तो मला बसवतो, तो मला नेतो. चौथ्या वचनात मृत्युच्छायेची दरी येते आणि तेथेच ‘तो’ जाऊन ‘तू’ येतो: कारण तू माझ्याबरोबर आहेस. कुरणात देवाविषयी बोलणारा माणूस दरीत देवाशी बोलू लागतो. हे मला एका म्हाताऱ्या पेशंटने दाखवले होते, मी स्वतः पाहिले नव्हते.

चांदणवेल

सर्वांचे मनापासून आभार. रात्रपाळी, आपले झोपेविषयीचे वाक्य वाचून मी आधी रागावले आणि मग झोपले. आज भावाने रात्र घेतली.

पानगळताई, स्तोत्र ८८ मी आयुष्यात प्रथमच पूर्ण वाचले. इतकी वर्षे वाचूनही ते माझ्या वाचनात कसे आले नाही याचे आश्चर्य वाटले. बहुधा ते कोणी तसबिरीत लावत नाही म्हणून.

एक मात्र विचारते. ईयोब वाचावा का? पाळकांनी सुचवला आहे. मला भीती वाटते.

पानगळ

माझे मत विचाराल तर आत्ता नको. पहिल्या दोन अध्यायांत निर्दोष ईयोबावर संकटे आणण्याविषयी स्वर्गात जे बोलणे चालते ते वाचून मी पुस्तक मिटले होते. त्याची मुले गेल्याची भरपाई शेवटी नव्या मुलांनी होते असे लिहिले आहे, ते तर मला आजही वाचवत नाही. नव्या मुलांनी जुनी भरून निघत नाहीत.

जुना_वाचक

पानगळताईंचे म्हणणे मी खोडून काढणार नाही, तो अधिकार मला नाही. तरी ईयोबाच्या बाजूने एक सांगतो. त्याचे तीन मित्र येतात तेव्हा सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहतात आणि एक शब्दही बोलत नाहीत. त्या पुस्तकातले त्यांचे सर्वांत चांगले काम तेवढेच. त्यानंतर ते बोलू लागतात आणि तू काहीतरी पाप केले असशील, हे एकच म्हणणे निरनिराळ्या शब्दांत सांगत राहतात. ईयोब उलट देवाला न्यायालयात खेचू पाहतो, स्वतःच्या जन्मदिवसाला शाप देतो, इतके कडवट बोलतो की वाचताना अंगावर काटा येतो. आणि अखेरीस, ४२:७ मध्ये, देव मित्रांनाच सुनावतो की माझा सेवक ईयोब माझ्याविषयी जसे यथार्थ बोलला तसे तुम्ही बोलला नाहीत. देवाची बाजू घेऊन बोलणारे चुकले आणि देवाशी भांडणारा बरोबर ठरला. ईयोबाला त्याच्या दुःखाचे कारण मात्र शेवटपर्यंत सांगितले जात नाही.

पण क्रम विचाराल तर मीही पानगळताईंशी सहमत आहे. तो ग्रंथ ४२ अध्यायांचा आहे आणि उशाशी बसून वाचण्याचा नाही. त्याऐवजी विलापगीत घ्या, पाचच अध्याय आहेत. इ.स.पू. ५८६च्या सुमारास यरुशलेम पडले, त्या राखेत बसून लिहिल्यासारखी ती पाच गीते आहेत. पहिली चार इब्री वर्णमालेच्या २२ अक्षरांच्या क्रमाने रचली आहेत. मला हे नेहमी हेलावून टाकते. सगळे मोडले असताना कोणीतरी निदान अक्षरे तरी क्रमाने लावत आहे. देवाची दया दररोज सकाळी नवी होते हे प्रसिद्ध वचन मधोमध, तिसऱ्या अध्यायात आहे. ते शेवटी नाही, हे महत्त्वाचे. त्यानंतरही दोन अध्याय रडणे चालूच राहते, पाचव्या गीतात तर अक्षरांचा क्रमही सुटतो, आणि ग्रंथ संपतो तो देवाने आपल्याला कायमचे टाकले आहे की काय, या प्रश्नावर.

समास

ताई, धैर्याचे काही वाचायचे असेल तर प्रेषितांची कृत्ये, २७वा अध्याय सुचवतो. त्यात शिकवण जवळजवळ नाहीच, सगळी धावपळ आहे. कैदी पौलाला रोमला नेणारे तारू वादळात सापडते. दिवसचे दिवस सूर्य दिसत नाही, तारे दिसत नाहीत, आणि लिहिणारा स्वच्छ लिहितो की वाचण्याची सारी आशा आम्ही सोडली. पौल ‘धीर धरा’ म्हणतो खरा, पण त्याच भाषणात तारू फुटणार हेही सांगतो. चौदाव्या रात्री खलाशांना जमीन जवळ आल्याची चाहूल लागते, तेव्हा खडकावर आदळू नये म्हणून ते मागच्या बाजूने चार नांगर टाकतात आणि दिवस उजाडावा म्हणून प्रार्थना करीत बसतात. माझ्या वाईट काळात मी त्या एका वचनावर बरेच महिने काढले. त्या रात्री करण्यासारखे तेवढेच होते आणि त्यांनी तेवढे केले.

पुढे उजाडता उजाडता पौल सर्वांना काहीतरी खाऊन घ्या असे विनवतो, भाकर घेऊन देवाचे आभार मानतो, मोडतो आणि स्वतः खाऊ लागतो. मग इतरांनाही धीर येतो. म्हणजे येथेही, रात्रपाळी म्हणतात तसे, आधी जेवणच.

रात्रपाळी

आणि तारू फुटतेच. हे सांगायला हवे. कोणी पोहत, कोणी फळ्यांवर, कोणी तारवाच्या तुकड्यांवर किनाऱ्याला लागतात. माल सगळा जातो.

चांदणवेल

तीन आठवड्यांनी लिहीत आहे. वडिलांच्या प्रकृतीत सुधारणा नाही, हे आधी सांगते, नाहीतर पुढचे वाचून गैरसमज होईल.

पहिले दोन आठवडे रोज तेवीसावे स्तोत्रच वाचले, पुटपुटत. चौथ्या वचनाशी आले की वडिलांचे ओठ हलायचे. मला काही विशेष वाटत होते असे नाही. बरेचदा माझे लक्ष घड्याळाकडेच असे, पण आवाज चालू ठेवला. ती तीन वचने घेऊन येणाऱ्यांचा राग कमी झाला आहे. परवा एका काकूंनी यिर्मया सुरू केले तेव्हा मी त्यांना मागचे-पुढेही वाचायला सांगितले, आणि त्या ७० वर्षांपाशी थांबून बराच वेळ गप्प बसल्या.

काल रात्री मोठ्याने प्रेषितांच्या कृत्यांचा २७वा अध्याय वाचला. वडील डोळे मिटून पडले होते, त्यामुळे ऐकत आहेत की नाही ते कळत नव्हते. तारवात आम्ही एकंदर २७६ जण होतो, हे वचन आले तेव्हा त्यांनी डोळे उघडले. त्यांनी आयुष्यभर हिशेबनिसाचे काम केले आहे. म्हणाले, ‘एवढ्या वादळात मोजले कोणी?’

मला उत्तर सुचले नाही. मी म्हटले, ‘कोणीतरी मोजले, बाबा.’ ते म्हणाले, ‘आणि किनाऱ्याला किती लागले?’ सर्व जण सुखरूप पोहोचले असे सांगणारे ४४वे वचन मी वाचून दाखवले. त्यांनी बोटांवर काहीतरी केले, मान हलवली आणि म्हणाले, ‘हिशेब जुळतो. उद्या पुढचा अध्याय वाच.’